एक तृतीयांश म्हणजे एक तृतीयांशच: प्रोग्रॅममध्ये अचूक अपूर्णांक

नेहमीच्या कोणत्याही प्रोग्रॅमिंग भाषेत शून्यापासून सुरुवात करा आणि लूप चालवून ०.१ दहा वेळा मिळवा. उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. (पायथॉन ३.१२ किंवा पुढची आवृत्ती असेल तर तयार ‘सम’ फंक्शन मात्र १.० सांगेल, कारण ते आता बेरीज करताना आतल्या आत त्रुटीची भरपाई करतं. लूप स्वतः लिहा, म्हणजे खरा प्रकार दिसेल.)

दोष बेरजेचा नाही. ०.१ ही संख्या संगणकात मुळातच अचूक साठवली गेलेली नसते. नेहमीचा ‘फ्लोट’ प्रकार दोनच्या घातांवर चालतो, आणि ज्याच्या छेदात ५ हा अवयव आहे असा अपूर्णांक दोनच्या घातांत नेमका बसत नाही. जुन्या चलनातून हे चटकन समजतं. १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे आणि १९२ पै होत. तेव्हा रुपयाचे तीन सारखे वाटे करता येत: प्रत्येकी पाच आणे चार पै, बाकी शून्य. दशमान पैशांत तेच वाटे ३३, ३३ आणि ३४ होतात. उलट दहा सारखे वाटे आजच्या रुपयाचे सहज होतात, पण १९२ पैंचे होत नव्हते. कोणता अपूर्णांक अचूक लिहिता येईल हे पाया ठरवतो. संगणकाचा पाया २ आहे, त्यामुळे पाव, अर्धा, पाऊण नीट बसतात आणि एक दशांश बसत नाही.

ही बारीकशी त्रुटी कुठवर जाऊ शकते? २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या दहरान इथे अमेरिकेच्या पेट्रियट यंत्रणेला येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मेले. यंत्रणेचं घड्याळ दशांश सेकंदांच्या पूर्ण संख्येत वेळ मोजत होतं. तिचे सेकंद करताना २४ बिटांत छाटलेल्या ०.१ ने गुणलं जाई. सलग १०० तास यंत्रणा चालू राहिल्यावर फरक सुमारे ०.३४ सेकंदांचा झाला होता. मोजणी पूर्ण संख्येत अचूकच होती, गडबड त्या एका गुणाकारात झाली.

यावरचा एक सरळ उपाय म्हणजे भागाकार करायचाच नाही. अंश आणि छेद या दोन पूर्ण संख्या जशाच्या तशा जवळ ठेवायच्या आणि त्या हव्या तितक्या मोठ्या होऊ द्यायच्या. पुढे आपण असा प्रकार स्वतः बांधू. लूप, फंक्शन आणि शाळेतले मसावि, लसावि आठवत असतील तर तेवढं पुरे. उदाहरणं पायथॉनला धरून आहेत, पण कोड मराठी शब्दांत मांडला आहे. टाइप करताना पायथॉनचे राखीव शब्द आणि अंक रोमनच लागतील, चलांची नावं मात्र ‘अंश’ आणि ‘छेद’ अशी देवनागरीत दिली तरी पायथॉन ३ ती मुकाट स्वीकारतो.

पायरी १: मोठा पूर्णांक आहे का, ते बघा

अपूर्णांकांची आकडेमोड सुरू झाली की छेद झपाट्याने फुगतात. १ + १/२ + १/३ + … ही बेरीज करून पाहा. दहा पदांनंतर ७३८१/२५२० मिळतं. पन्नास पदं व्हायच्या आत छेद ६४ बिटांच्या पूर्णांकात मावेनासा होतो. शंभराव्या पदाला तो ४० अंकी असतो. म्हणून पाया हवा मर्यादा नसलेल्या पूर्णांकाचा.

पायथॉनमध्ये काही करावं लागत नाही, तिथला साधा पूर्णांकच हवा तेवढा वाढतो. जावात ‘बिगइंटिजर’ आहे, जावास्क्रिप्टमध्ये ‘बिगइंट’, गो भाषेत ‘बिग’ पॅकेज. सी आणि सी++ वाल्यांनी जीएमपी ही लायब्ररी घ्यावी.

आत काय चालतं हे थोडक्यात. मोठी संख्या तुकड्यांच्या यादीत ठेवली जाते आणि बेरीज अगदी पाटीवर करायचो तशी, हातचा पुढे नेत होते. फक्त प्रत्येक ‘अंक’ ० ते ९ मधला नसून बराच मोठा असतो. पायथॉनच्या नेहमीच्या वितरणात तो ३० बिटांचा आहे. स्वतः लिहून बघायचं असेल तर १०^९ हा पाया सोयीचा: दोन तुकड्यांचा गुणाकार १०^१८ च्या खाली राहतो, म्हणजे ६४ बिटांत मावतो, आणि संख्या छापणंही सोपं जातं. गुणाकाराची शालेय रीत ‘न’ इतक्या अंकांसाठी न² कामं घेते. १९६० मध्ये मॉस्कोत अनातोली कारात्सुबा या तरुणाने चारऐवजी तीन गुणाकारांत भागवायची युक्ती शोधून ही मर्यादा मोडली. मोठ्या संख्यांसाठी पायथॉन आजही तीच वापरतो. सराव म्हणून हे सगळं एकदा जरूर लिहा. खऱ्या कामात मात्र तयार पूर्णांकच वापरा. मोठ्या संख्यांचा भागाकार बिनचूक लिहिणं दिसतं त्याहून बरंच किचकट आहे.

पायरी २: तीन नियम आणि एक मसावि

आपला अपूर्णांक म्हणजे (अंश, छेद) ही जोडी. तिने तीन नियम कधीच मोडायचे नाहीत. छेद नेहमी धन. अंश आणि छेदात १ शिवाय सामाईक विभाजक नाही, म्हणजे अतिसंक्षिप्त रूप. आणि शून्य नेहमी ०/१ असंच लिहायचं.

मसावि(अ, ब):
  जोवर ब शून्य नाही:
    अ, ब = ब, (अ ला ब ने भागून उरलेली बाकी)
  परत द्या |अ|

नवा_अपूर्णांक(अंश, छेद):
  छेद शून्य असेल तर चूक कळवा आणि थांबा
  छेद ऋण असेल तर दोघांची चिन्हं बदला
  म = मसावि(अंश, छेद)
  परत द्या (अंश ÷ म, छेद ÷ म)

मसावि(३०, १२) चा प्रवास (३०, १२), (१२, ६), (६, ०) असा होतो आणि उत्तर ६ मिळतं. शून्य अंशासाठी वेगळी अट लागत नाही, मसावि(०, छेद) हा छेदच असतो आणि जोडी आपोआप ०/१ होते. इथला ÷ म्हणजे पूर्णांकी भागाकार. पायथॉनमध्ये दोन तिरप्या रेघा टाका. एक टाकलीत तर उत्तर फ्लोट होईल आणि सगळी मेहनत तिथेच बुडेल.

नियम इतके कडक का? कारण मग २/४ आणि १/२ एकाच रूपात येतात. दोन अपूर्णांक समान आहेत का हे बघायला अंश अंशाशी आणि छेद छेदाशी ताडला की झालं. डिक्शनरीत (किल्ली देऊन किंमत साठवायच्या रचनेत) किल्ली म्हणूनही ते बिनधास्त वापरता येतात. ही शिस्त एकाच जागी, बनवणाऱ्या फंक्शनात असू द्या. बेरजेत थोडी, गुणाकारात थोडी अशी पसरवली की कुठेतरी राहून जाते.

पायरी ३: चार क्रिया

गुणाकार: अंश गुणिले अंश, छेद गुणिले छेद, मग संक्षेप. उत्तर बरोबर येतं, पण आधी संख्या फुगवायच्या आणि मग बारीक करायच्या असा हा द्राविडी प्राणायाम आहे. शाळेत आपण तिरकं काटायचो, तेच इथे करा. १४/१५ × २५/२८ मध्ये १४ आणि २८ यांचा मसावि १४, तर २५ आणि १५ यांचा ५. काटल्यावर १/३ × ५/२ उरतं, उत्तर ५/६. मूळ जोड्या अतिसंक्षिप्त असतील तर गुणाकारानंतर पुन्हा संक्षेप करायची गरजच उरत नाही. दोन लहान मसावि हे एका मोठ्या मसाविपेक्षा स्वस्त पडतात.

बेरीज जरा रंजक आहे. अ/ब + क/ड साठी सरळ रीत (अ×ड + क×ब) / (ब×ड). त्याऐवजी आधी दोन्ही छेदांचा मसावि काढा. ५/१२ + ७/३० घ्या. १२ आणि ३० यांचा मसावि ६. वर ५×(३०÷६) + ७×(१२÷६) म्हणजे २५ + १४ = ३९. आता ३९ चा संक्षेप पूर्ण छेदाशी करायची गरज नाही. जो काही सामाईक विभाजक असेल तो त्या ६ मध्येच दडलेला असतो. मसावि(३९, ६) = ३. अंश ३९÷३ = १३, छेद (१२÷६)×(३०÷३) = २०. उत्तर १३/२०. छेदांचा मसावि सुरुवातीलाच १ निघाला तर सरळ रीतीचं उत्तर आधीच अतिसंक्षिप्त असतं, पुढचा मसावि टाळता येतो. दोन सहज निवडलेल्या संख्यांचा मसावि १ असण्याची शक्यता ६/π², म्हणजे साधारण ६१ टक्के असते, त्यामुळे ही बचत किरकोळ नाही.

वजाबाकीत फक्त चिन्ह बदलतं. भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं, पण तो ऋण असेल तर उलटल्यावर छेद ऋण होतो आणि पहिला नियम मोडतो. तिथे चिन्ह वर न्यायला विसरू नका. लहान-मोठं ठरवताना अ/ब आणि क/ड साठी अ×ड आणि क×ब यांची तुलना करा. हे चालतं कारण दोन्ही छेद धन आहेत.

पायरी ४: आत येणारी संख्या

नवखे सर्वात जास्त अडखळतात ते इथेच, म्हणून थोडं थांबू.

पायथॉनचं तयार ‘फ्रॅक्शन्स’ मोड्यूल घ्या आणि फ्रॅक्शन(०.१) असं लिहा. १/१० मिळेल असं वाटतं. मिळतं ते ३६०२८७९७०१८९६३९७/३६०२८७९७०१८९६३९६८. मोड्यूल बिघडलेलं नाही, ते तुमच्याशी तंतोतंत खरं बोलतंय: फ्लोटमध्ये खरोखर हीच संख्या होती, छेद २ चा ५५ वा घात. संख्या फ्लोटमधून गेली की अचूकपणा गेला, पुढे कितीही मोठे पूर्णांक वापरले तरी तो परत येत नाही. म्हणून दशांश संख्या अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून द्या: फ्रॅक्शन("०.१"). उत्तर १/१०. गंमत म्हणजे मजकुरातले देवनागरी अंकही पायथॉनला वाचता येतात, फ्रॅक्शन("१/३") हे अगदी असंच लिहिलं तरी चालतं.

दुसरा सापळा फ्रॅक्शन(१/३). कंसातला भागाकार आधी होतो, तोही फ्लोटमध्ये. स्वल्पविराम देऊन फ्रॅक्शन(१, ३) लिहा. तिसरा सापळा सी आणि जावातला: तिथे १/३ चं उत्तर सरळ ० येतं. शून्य निदान लगेच डोळ्यांत भरतं. पायथॉनची चूक सोळाव्या अंकापाशी लपून बसते.

सीएसव्ही फाइल, एक्सेल किंवा जेसनमधून आकडे येत असतील तर वाचणाऱ्या लायब्ररीने ते आधीच फ्लोट केले आहेत का, हे तपासा. बहुतेक वेळा केलेले असतात. पायथॉनच्या जेसन वाचकाला फ्लोटऐवजी कोणतं फंक्शन वापरायचं ते सांगता येतं, तिथे फ्रॅक्शन द्या.

आणि फ्लोटच हाती आला असेल तर? मग ‘लिमिट डिनॉमिनेटर’ ही सोय आहे. छेद अमुक मर्यादेच्या आत ठेवून सर्वात जवळचा अपूर्णांक ती शोधते. π ची फ्लोट किंमत आणि १००० ही मर्यादा दिलीत तर ३५५/११३ मिळेल. पण हा अंदाज आहे, चांगला असला तरी अंदाजच.

पायरी ५: खरोखर फरक पडतो का, बघा

फ्रेंच गणिती ज्याँ-मिशेल म्युलर यांच्या नावाने ओळखली जाणारी एक क्रमिका आहे. पहिली दोन पदं ४ आणि १७/४. पुढचं प्रत्येक पद असं:

नवं = १०८ − (८१५ − १५०० ÷ आधीच्या_आधीचं) ÷ आधीचं

अपूर्णांकांनी केलंत तर ७६/१७, ३५३/७६, १६८४/३५३ अशी पदं मिळतात. ती सावकाश ५ कडे सरकतात. मोजणी शून्यापासून धरली तर २५ वं पद ४.९९९९९४३ च्या आसपास असतं. आता तोच कोड फ्लोटने चालवा. सुरुवातीची काही पदं शहाण्यासारखी ५ कडे जातात, मग मध्येच उधळतात आणि पंचविसाव्यापर्यंत १०० ला जाऊन चिकटतात. तिथे स्थिरही होतात, त्यामुळे बघणाऱ्याला १०० हेच उत्तर वाटावं.

याचं कारण समीकरणात आहे. त्याला ३, ५ आणि १०० असे तीन कल आहेत, म्हणजे पदं यांपैकी कशाकडेही ओढली जाऊ शकतात. आपल्या सुरुवातीच्या किमतींत १०० चा वाटा नेमका शून्य आहे. फ्लोटची पहिली त्रुटी तो शून्याऐवजी अत्यंत सूक्ष्म करते, आणि मग दर पायरीला तो ५ च्या तुलनेत वीसपट वाढतो. जास्त अंकांचा फ्लोट घेतलात तर उधळणं फक्त काही पायऱ्यांनी लांबतं. अपूर्णांकात मात्र तो शून्य शेवटपर्यंत शून्यच राहतो. स्वतः लिहिलेला प्रकार तपासायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही: पदांचं सूत्र (३^(न+१) + ५^(न+१)) / (३^न + ५^न) आहे, त्यामुळे प्रत्येक उत्तर पडताळता येतं.

पायरी ६: बाहेर जाणारी संख्या

वापरणाऱ्याला १६८४/३५३ दाखवून उपयोग नाही, त्याला दशांश हवेत. अपूर्णांकाचं फ्लोट करून छापू नका, भागाकार हाताने करा: बाकी दहाने गुणा, छेदाने भागा, भागाकार हा पुढचा अंक, उरलेली बाकी पुढे न्या. बाकी शून्य झाली की दशांश खंडित. अतिसंक्षिप्त रूपातल्या छेदात २ आणि ५ शिवाय दुसरा मूळ अवयव नसेल तरच असं होतं. नाहीतर एखादी बाकी पुन्हा येते आणि तिथून आवर्तन सुरू होतं. १/७ च्या बाक्या १, ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १, म्हणून १४२८५७ हा गट फिरत राहतो. प्रत्येक बाकी कितव्या स्थळी आली हे डिक्शनरीत टिपत गेलात की आवर्ती भाग नेमका सापडतो. मोठ्या छेदाला मात्र अंकांवर मर्यादा घाला, साध्या १/९७ चं आवर्तनही ९६ अंकी आहे.

धन संख्येचं ‘न’ दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन (राउंडिंग) पूर्ण संख्यांतच होतं: (२ × अंश × १०^न + छेद) ÷ (२ × छेद). २/३ साठी, दोन स्थळं हवी असतील तर ४०३ ÷ ६ = ६७, म्हणजे ०.६७. ऋण संख्येला चिन्ह बाजूला काढून हेच करा, कारण ऋण पूर्णांकी भागाकार पायथॉनमध्ये खालच्या बाजूला जातो आणि सीमध्ये शून्याच्या बाजूला. पायथॉनचं तयार ‘राउंड’ बरोबर अर्ध्यावर सम संख्येकडे झुकतं: ५/२ चं २ होतं, ३ नाही. हिशेबाच्या कामात हे कोणत्या नियमाने हवंय ते आधी विचारून घ्या.

वाटणीचा प्रश्न असेल तर नुसतं पूर्णांकन पुरत नाही. एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर जमीन चौघांत १/२, १/६, १/६, १/६ अशी वाटायची आहे. हिस्से अपूर्णांकात ठेवले की त्यांची बेरीज नेमकी १ आहे हे प्रोग्रॅमला एका ओळीत तपासता येतं. पण क्षेत्र पूर्ण चौरस मीटरमध्ये लिहायचं झालं तर ५०००, १६६७, १६६७, १६६७ यांची बेरीज १०,००१ होते, एक चौरस मीटर जास्त. अशा वेळी आधी सगळे खाली छाटा: ५०००, १६६६, १६६६, १६६६. उरलेले दोन चौरस मीटर ज्यांचा छाटलेला भाग मोठा त्यांना एकेक द्या. इथे तिघांचाही छाटलेला भाग सारखा, दोन तृतीयांश आहे. बरोबरी झाल्यावर कोणाला द्यायचं हा नियम कोडमध्ये उघड लिहिलेला असावा, यादीच्या क्रमावर चुपचाप सोडू नये.

पायरी ७: कुठे थांबायचं

अपूर्णांक त्रुटी करत नाही, पण जागा आणि वेळ खातो. किती, ते प्रश्नावर अवलंबून. म्युलरच्या क्रमिकेत छेदाचे अंक हळूहळू वाढतात, २५ व्या पदालाही तो १८ अंकीच असतो. उलट √२ काढायची न्यूटनची रीत बघा: १ पासून सुरू करून दर वेळी क्ष च्या जागी (क्ष + २/क्ष)/२ घ्यायचं. ३/२, १७/१२, ५७७/४०८, ६६५८५७/४७०८३२… यातला ५७७/४०८ बौधायनाच्या शुल्बसूत्रातही आहे, १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४) या रूपात, आणि तो पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे. दर पायरीला अंक जवळपास दुप्पट होतात. दहाव्या पायरीला छेद ३९२ अंकी. वीस स्थळं हवी असतील तर पाचव्या पायरीलाच काम झालेलं असतं, पुढचे अंक नुसते ओझं.

म्हणून माझा सल्ला असा. फक्त बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार असेल आणि पायऱ्या मर्यादित असतील (हिस्से, व्याजदर, संभाव्यता, रेषीय समीकरणं, भूमितीतले छेदनबिंदू) तर अपूर्णांक वापरा. वर्गमूळ, साइन, लॉग आले की उत्तरं सहसा परिमेय (अंश-छेदात नेमकी लिहिता येणारी) राहत नाहीत, तिथे हवे तितके अंक देणारा दशांश प्रकार बरा. रुपये-पैशांच्या बहुतेक कामाला तर पूर्ण पैसे मोजणारा साधा पूर्णांकच पुरतो.

लांबलचक यादीची बेरीज करताना एकेक पद मिळवत जाऊ नका. यादीचे दोन भाग करा, प्रत्येकाची बेरीज त्याच रीतीने काढा आणि शेवटी दोन उत्तरं मिळवा. मग मोठी संख्या पुन्हा पुन्हा छोट्या संख्येशी झगडत बसत नाही, सारख्या आकाराच्या संख्या एकमेकींना भेटतात आणि जलद गुणाकाराचा फायदा मिळतो.

तयार प्रकार वापरताना प्रत्येकाची खोड माहीत असावी. जीएमपीत अंश-छेद हाताने भरलेत तर संक्षेपाचं फंक्शन तुम्हालाच बोलवावं लागतं, नाहीतर पुढची उत्तरं भरवशाची नाहीत. ज्युलिया भाषेत दोन तिरप्या रेघांनी बनवलेला अपूर्णांक साध्या यंत्र-पूर्णांकांवर बसतो आणि भरला की चूक देऊन थांबतो, सुरुवातीलाच मोठा पूर्णांक द्या. रुबीत १/३ च्या पुढे ‘आर’ जोडलं की अपूर्णांक मिळतो. स्कीम आणि क्लोजर या भाषांमध्ये १ ला ३ ने भागलं की मुळातच १/३ येतं. जावाच्या मूळ संचात असा प्रकारच नाही. आणि पायथॉन ३.११ पासून ४३०० पेक्षा जास्त अंकांचा पूर्णांक दशमान मजकुरात छापायला गेलात तर तो नकार देतो. गणित बरोबर असतं, अडवलेलं असतं ते फक्त रूपांतर, आणि ही मर्यादा ‘सिस’ मोड्यूलमधून वाढवता येते.